नागमोडी रेघ

जुनी मोटार विकत घ्यायला जाताना खिशात एक लोहचुंबक असावा, हा मला मिळालेला पहिला उपदेश. चुंबकाला मऊ फडके गुंडाळायचे, म्हणजे रंगावर ओरखडा उठत नाही, आणि तो पत्र्यावरून हळूहळू फिरवत जायचे. जिथे पोलाद शाबूत आहे तिथे चुंबक धरून राहतो. जिथे गंजाने पडलेले भोक पुट्टीने बुजवून वर रंगाचा हात मारलेला असतो, तिथे तो निसटतो. 2009 साली सॅक्रामेंटोच्या उत्तरेकडील एका लहान गावात, एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या अंगणात उभ्या असलेल्या तांबड्या डॅटसन 240झेडभोवती मी असा चुंबक घेऊन दोन प्रदक्षिणा घातल्या. दारे, बॉनेट, मडगार्ड, सगळीकडे तो नीट चिकटत होता. गाडीखाली मात्र मी शिरले नाही. आदल्या रात्री पाऊस पडून जमीन ओली झाली होती आणि मी कामावरून परस्पर आलेली, चांगल्या कपड्यांत होते. तळ कसा आहे, असे मी विचारले. तळ उत्तम आहे, असे ते म्हणाले. मी विश्वास ठेवला.

डॅटसन हे नाव भारतातल्या बहुतेक वाचकांना 2014 ते 2022 या काळात तिकडे विकल्या गेलेल्या छोट्या, स्वस्त गाड्यांमुळे ठाऊक असेल. मूळ नाव बरेच जुने. डेन, आओयामा आणि ताकेउची या तीन भांडवलदारांच्या आद्याक्षरांपासून 'डॅट' ही गाडी झाली आणि 1931 साली तिच्या छोट्या आवृत्तीला 'डॅटचा पुत्र' अशा अर्थाचे इंग्रजी नाव मिळाले. पण त्या इंग्रजी 'सन'चा उच्चार जपानी कानाला 'नुकसान' या अर्थाच्या शब्दासारखा ऐकू येई. म्हणून एक अक्षर बदलून पुत्राचा सूर्य करण्यात आला. 240झेड 1969 मध्ये लोकांपुढे आली. लांब नाक, उतरते छत, दोनच आसने, 2,393 घन सेंटिमीटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन, आणि अमेरिकेत किंमत 3,526 डॉलर. असल्या बांधणीची युरोपीय गाडी त्या पैशांत मिळण्यासारखी नव्हती. जपानी गाडी म्हणजे काटकसरी माणसाचा डबा, ही अमेरिकेतली समजूत ज्या थोड्या गाड्यांनी मोडली, त्यांत हिचे नाव वरचे आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हिचे दुसरे नाव अधिक गंमतीचे वाटेल. जपानात ही गाडी 'फेअरलेडी झेड' म्हणून विकली गेली. निसानचे अध्यक्ष कात्सुजी कावामाता यांनी 1958 मध्ये अमेरिकेत 'माय फेअर लेडी' हे संगीत नाटक पाहिले आणि ते त्यांना इतके आवडले की कंपनीच्या स्पोर्ट्स गाड्यांना त्यांनी ते नाव दिले. अमेरिकेतला कारभार पाहणाऱ्या युताका काटायामा यांना मात्र त्या बाजारात हे नाव चालणार नाही असे वाटले. त्यांनी 'फेअरलेडी'ची चिन्हे काढून तिथे ' 240झेड' लावायला सांगितले. म्हणजे माझ्या गाडीचे गोत्र शॉच्या 'पिग्मॅलियन'पर्यंत, आणि त्याच वाटेने पु. ल. देशपांडे यांच्या 1975 च्या 'ती फुलराणी'पर्यंत पोचते. फुले विकणारी मुलगी, तिची भाषा घासूनपुसून तिला प्रतिष्ठित समाजात खपवून दाखवण्याची पैज, आणि शेवटी तिने विचारलेला प्रश्न, की मला हे रूप देऊन झाले, आता पुढे माझे काय? गाडी विकत घेतली तेव्हा हा योगायोग मला केवळ मौजेचा वाटला होता. त्यातला प्रश्न पुढे माझ्यापुढे येऊन उभा राहील, हे तेव्हा सुचले नाही.

गाडी घरी आणल्यावर आठ दिवसांनी मी आतला गालिचा उचलला. गालिच्याखाली डांबराचा जाड थर होता. आवाज कमी व्हावा म्हणून कारखान्यातही असा थर देत असत, पण हा नंतरचा, हाताने फासलेला होता. सुरी तापवून तो खरवडला तेव्हा खाली पत्रा लागला, तो पोलादाचा नव्हता. रस्त्यावर लावतात त्या इशाऱ्याच्या पाटीचा अॅल्युमिनियमचा तुकडा कापून, रिव्हेट मारून चालकाच्या पायांखाली बसवला होता. पिवळ्या पार्श्वभूमीवर काळ्या बाणाचे टोक स्पष्ट दिसत होते. चुंबक खालून फिरवला असता तर एका क्षणात सारे कळले असते. त्यातून ठिगळाच्या कडेने मूळ पत्रा गंजून विरलेल्या धोतरासारखा झाला होता. या गाडीला वेगळी चासी नाही. तळाखाली वितळवून जोडलेल्या पेटीसारख्या पट्ट्या हीच तिची हाडे, आणि त्याही पोकळ झालेल्या.

मी रागाने त्या गृहस्थांना फोन केला. त्यांनी काही नाकारले नाही. ते म्हणाले, 1983 मध्ये माझ्याजवळ पैसे नव्हते, नवा पत्रा मिळत नव्हता आणि सोमवारी कामावर जायचे होते. ती पाटी रस्त्याच्या कडेला मोडून पडली होती. त्या पत्र्यावर पाय ठेवून मी सव्वीस वर्षे गाडी चालवली, म्हणून तळ उत्तम आहे असे म्हणालो. मी फोन ठेवला तेव्हाही रागावलेलीच होते, पण रागाची धार थोडी गेली होती.

पुण्यात एम.ए. करताना पाठचिकित्सा हा विषय मी थोडा नाइलाजाने घेतला होता. त्या निमित्ताने भांडारकर संस्थेतून निघालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे खंड हाताळले होते. 1919 मध्ये सुरू झालेले आणि 1966 मध्ये पुरे झालेले ते काम आम्हा विद्यार्थ्यांना पर्वतासारखे वाटे. पोथीतली जागा किड्याने खाल्लेली असते, लेखनिकाला पुढचा मजकूर हवा असतो, आणि तो आपल्या पदरचे चार शब्द घालून अर्थाचा पूल बांधतो. पुढच्या नकलेत तो पूल मूळ रस्त्याचाच भाग होऊन जातो. याला आम्ही परीक्षेत 'प्रक्षेप' म्हणायचो आणि लेखनिकाकडे जरा तुच्छतेने पाहायचो. गॅरेजमध्ये गुडघ्यांवर बसून त्या बाणाच्या टोकाकडे पाहताना प्रथमच वाटले की त्या लेखनिकालाही सोमवारी कुठे तरी जायचे असेल. त्याने तो पूल बांधला नसता तर कदाचित ती पोथी पुढे कोणी उतरवून घेतलीच नसती.

तरी ठिगळ ठेवणे शक्य नव्हते. गाडी म्हणजे पोथी नव्हे. ती ताशी शंभर किलोमीटरने धावते आणि तिच्यात माणसे बसतात. मी पत्रे कापले. 240झेडचा गंज कुठे लागतो हे जाणकारांना तोंडपाठ असते. समोरच्या काचेखालच्या जाळीतून पाणी आत उतरते, त्याचा निचरा होणाऱ्या वाटा पालापाचोळ्याने तुंबतात आणि पाणी आतल्या पोकळीत साचते. बॅटरीच्या बैठकीवर आम्ल सांडून खालचा पत्रा झिजतो. दारांखालचे उंबरे, मागच्या चाकापुढचा कोपरा, डिकीच्या कडा आणि स्पेअर चाकाचा खळगा या पुढच्या जागा. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेतली गाडी म्हणून मी निर्धास्त होते. पण चालकाच्या दाराच्या चौकटीवर, जिथे गाडी बांधल्याचा महिना आणि साल लिहिलेली पट्टी असते, तिच्याजवळच ओहायोतल्या एका विक्रेत्याचे फिकट लेबल सापडले. पट्टीवर मे 1971. म्हणजे गाडीने आपले बालपण अशा प्रदेशात काढले होते जिथे हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. पोथीच्या शेवटी जी पुष्पिका असते, स्थळ, काळ आणि लिहिणाऱ्याची खूण सांगणारी, तीच ही. फक्त मी ती आधी वाचली नव्हती.

तळाचे नवे पत्रे तयार मिळतात, मूळ साच्याबरहुकूम काढलेले. वेल्डिंग मी एका संध्याकाळच्या वर्गात शिकले आणि पहिले सहा महिने चांगल्या पत्र्यांना भोके पाडण्यात घालवले. डॅशबोर्डखाली तारा सोडवताना मूळ रंग दिसला, नारिंगी. कंपनीच्या यादीतला 918 क्रमांकाचा. तांबडा रंग त्या गृहस्थांनी नंतर दिला होता. मी गाडी पुन्हा नारिंगी केली. त्यांचा वीतभर तांबडा मात्र स्पेअर चाकाच्या खळग्यात तसाच ठेवला. का ठेवला, हे त्या वेळी मला धड सांगता आले नसते.

या छंदात दोन पंथ आहेत आणि त्यांचे भांडण साहित्याच्या माणसाला परके वाटणार नाही. एक पंथ म्हणतो, गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखी करावी. खुद्द निसानने 1997 मध्ये अमेरिकेत जुन्या 240झेड विकत घेऊन, पुरत्या खोलून, नव्यासारख्या करून सुमारे पंचवीस हजार डॉलरांना विकायला काढल्या होत्या. खर्च इतका बसला की चाळीस गाड्याही पुऱ्या झाल्या नाहीत. माझ्दाने 2017 मध्ये हिरोशिमात आपल्या पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी अशीच सेवा जाहीर केली आणि तिच्यासाठी जुन्या नक्षीचे टायरदेखील नव्याने घडवून घेतले. त्याच वर्षी निसानने स्कायलाइन जीटी-आरचे आणि 2020 मध्ये टोयोटाने सुप्रा व 2000जीटीचे बंद पडलेले सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. दुसरा पंथ म्हणतो, गाडी मूळ अशी एकदाच असते. झिजलेले आसन, पिवळी पडलेली काच हाच तिचा इतिहास, त्याला हात लावू नका. या पंथाचे म्हणणे बाजारालाही पटलेले दिसते. 2020 च्या जानेवारीत फारशी न चाललेली आणि जशीच्या तशी राहिलेली 1971 ची एक 240झेड 3,10,000 डॉलरांना विकली गेली. पहिला पंथ संहितेचे आदिरूप शोधतो, दुसरा हाती आलेल्या पोथीला प्रमाण मानतो. माझी गाडी मात्र दोन्ही पंथांच्या कामाची नव्हती. जशीच्या तशी राहण्याचा हक्क तिने 1983 मध्येच गमावला होता.

आता इंजिनाविषयी. हे लिहायला मी बरीच वर्षे टाळाटाळ केली आहे.

बॉनेटखाली एक पट्टी असते. तिच्यावर गाडीचा क्रमांक आणि तिच्यात मुळात बसवलेल्या इंजिनाचा क्रमांक असे दोन्ही कोरलेले असतात. तोच क्रमांक इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला असतो. दोन्ही जुळले की गाडीची किंमत वाढते. माझ्या गाडीत नंतरच्या 280झेडचे 2.8 लिटरचे इंजिन होते. असा बदल फार सर्रास झालेला आहे, कारण ते इंजिन त्याच कुळातले, जागच्या जागी बसणारे आणि जरा अधिक ताकदीचे. मला मात्र मूळ मापाचेच हवे होते. दोन वर्षांनी भंगारात निघालेल्या दुसऱ्या एका 1971 च्या गाडीचे इंजिन मिळाले. ते मी एका वर्कशॉपमध्ये उघडायला दिले. तिथल्या कारागिराने सहज सांगितले की ब्लॉकवरचा क्रमांक घासून तुमच्या पट्टीवरचा ठोकून देतो, तसेच ठसे आहेत माझ्याकडे, कोणाला कळणार नाही. मी नको म्हणाले. पंधरा दिवस त्या नकाराचा मला अभिमान वाटत होता.

2014 मध्ये जुन्या जपानी गाड्यांच्या एका मेळाव्यात मी ती 'मूळ स्वरूपातील' गाड्यांच्या रांगेत उभी केली. परीक्षकांपैकी एक वयस्क गृहस्थ बॉनेटखाली वाकले, खूष झाले आणि त्यांनी विचारले, इंजिन मूळचेच का? मी म्हणाले, 1971 चेच आहे. ते मान डोलावून पुढे गेले. मला दुसरे बक्षीस मिळाले.

मी खोटे बोलले नव्हते. वाक्यातला प्रत्येक शब्द खरा होता, आणि तरी ते वाक्य त्या पाटीच्या तुकड्यापेक्षा वाईट होते. त्या गृहस्थांनी ठिगळ लावले ते कामावर जायला. मी लावले ते टाळ्यांसाठी. त्यांना मी तळाविषयी विचारले तेव्हा त्यांनी मला दिलेले उत्तरही अगदी याच जातीचे होते, आणि त्याबद्दल मी त्यांच्यावर फोनवर ओरडले होते. कारागिराचे ठसे मी नाकारले, पण तेच काम जिभेने केले.

त्या हिवाळ्यात फुलराणीची गोष्ट पुन्हा मनात घोळू लागली. एलायझाला घडवणाऱ्या प्राध्यापकाचा दोष तिला नवी भाषा शिकवण्यात नव्हता. ती जन्मजात तशीच आहे असे लोकांना भासवण्याच्या खेळात त्याला जी मजा येत होती, तिथे तो चुकत होता. शॉला हे फार टोचत असावे, म्हणून 1916 मध्ये जोडलेल्या उत्तरकथनात त्याने तिचे लग्न प्राध्यापकाशी न लावता फ्रेडीशी लावले आणि तिला फुलांचे दुकान काढून दिले. तिचा जुना धंदा तिला परत मिळाला. पुसून टाकलेली ओळ त्याने पुन्हा लिहिली, असे मला वाटते.

पण मला वाट दाखवली ती नाटकाने नव्हे, चिकित्सक आवृत्तीने. वि. सी. सुखटणकरांनी घालून दिलेल्या पद्धतीतल्या दोन गोष्टी विद्यार्थिदशेत मी केवळ पाठ केल्या होत्या. जिथे सिद्ध केलेल्या पाठाविषयी संपादकाला खात्री नाही, तिथे त्या शब्दांखाली नागमोडी रेघ काढलेली असते. पान वाचता येते, अर्थ लागतो, आणि इथे माझा हात आहे, सावध असा, हेही त्याच पानावर कळते. दुसरी गोष्ट अशी की संहितेतून काढलेला मजकूर फेकून दिलेला नाही. तो तळटीपांत आणि परिशिष्टांत आहे. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही सर्वांच्या आवडीची कथा मूळ संहितेत न घेता आदिपर्वाच्या परिशिष्टात ठेवली आहे. तिथे जाऊन ती कोणालाही वाचता येते.

मी एक वही घातली. डाव्या पानावर भागाचे नाव आणि तो कसा सापडला; उजव्या पानावर मी काय केले, केव्हा, कोणत्या मापाने, कोणता नवा भाग घातला. तळाचे दोन्ही पत्रे, नवे. खालच्या पट्ट्या, नव्या. उजवे पुढचे मडगार्ड, दुसऱ्या गाडीचे. आसनांचे कापड, नक्कल. जिथे मला स्वतःलाच खात्री नव्हती, उदाहरणार्थ डावे दार मूळचे की बदललेले, तिथे मी चक्क नागमोडी रेघ काढली. वही लिहायला घेतली 2015 मध्ये. इंजिनाचे पान मी 2019 पर्यंत कोरे ठेवले होते. मग एका रविवारी दोन्ही क्रमांक लिहिले, पट्टीवरचा आणि ब्लॉकवरचा, एकाखाली एक. त्याखाली मेळाव्यातला प्रश्न आणि माझे उत्तरही लिहिले. मेळावा भरवणाऱ्या मंडळींना पत्र पाठवून बक्षिसाचा ढाल-तुकडा परत केला. त्यांचे उत्तर आले, सभ्य आणि जरा गोंधळलेले. बहुतेकांची इंजिने तशीच असतात, तुम्ही एवढे मनाला लावून घेऊ नका, असा त्याचा मथितार्थ होता.

दरम्यान दोन ग्राहक येऊन गेले. एकाने वही चाळली आणि किंमत एकदम खाली मागितली. दुसऱ्याने सरळ सुचवले की वही बाजूला ठेवलीत तर मी तुम्हाला अधिक देऊ शकतो, कारण पुढे मलाही ती विकायची आहे. गाडी अजून माझ्याकडेच आहे. विकायची घाई आता उरलेली नाही, आणि खरे सांगायचे तर वहीशिवाय ती द्यायची नाही एवढेच ठरले आहे.

दर वसंतात मी तिचे टॅपेट लावते. थंड इंजिनावर आत घेणाऱ्या झडपांना 0.20 मिलिमीटर, बाहेर सोडणाऱ्यांना 0.25. बारा झडपा, एक पातळ पट्टी, आणि बोटांना कळणारा तो किंचित अडखळ. मग दोन्ही कार्ब्युरेटरांतले तेल पाहायचे आणि त्यांचे सूर जुळवायचे. रबरी नळीचे एक टोक कानाला, दुसरे आळीपाळीने दोन्ही कार्ब्युरेटरांच्या तोंडाशी धरायचे. हवा आत ओढल्याचा फुत्कार दोन्हीकडे सारखा येईपर्यंत स्क्रू तिळतिळ फिरवायचा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते, ते जुन्या रबराला खाते, म्हणून इंधनाच्या नळ्या दोनदा बदलाव्या लागल्या. दोन्ही वेळा वहीत नोंद आहे. ज्यांनी मला गाडी विकली ते गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांच्या पाटीचा तुकडा मी धुऊन, पुसून, स्पेअर चाकाच्या खळग्यात त्या तांबड्या रंगाच्या शेजारी ठेवला आहे. वहीत त्याची नोंद शेवटच्या पानावर, परिशिष्ट म्हणून केली आहे: चालकाच्या बाजूच्या तळातून काढला, 1983 ते 2009, या काळात टिकला.